मोदकपात्र माळ्यावरून खाली काढा

या वेळचं पत्र मिरजेहून आलं आहे. थोडं कापून देते आहे, बाकी शब्द त्यांचेच.

"स.न.वि.वि. माझं वय ६४. दोन महिन्यांपूर्वी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाकघराचा चार्ज माझ्याकडे आला. भात, वरण जमतं. पोळ्यांना बाई लावली आहे. भाजीचं मात्र घोडं अडलं आहे. सौ.ला शुगर थोडी आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले तेल कमी करा, भाज्या वाढवा. मी सगळ्या भाज्या कुकरमध्ये पाणी घालून दोन शिट्ट्या देतो, पाणी ओततो आणि वरून फोडणी घालतो. शेजारचे म्हणतात, उकळून तुम्ही सगळी जीवनसत्त्वं मोरीत ओतताय, वाफवून खा. पुण्याहून मुलीने तीन मजल्यांचा विजेवरचा स्टीमर पाठवला, त्याने निम्मा ओटा अडवला आहे. एकदा त्यात भाज्या केल्या तर सौ. म्हणाली, 'हे आजाऱ्याचं जेवण मला नको, मी बरी झालेय.' शिवाय माझी फरसबी शेवाळी रंगाची होते आणि फ्लॉवरचा वास जिन्यापर्यंत जातो. पुढच्या महिन्यात थोरले बंधू पंधरा दिवस राहायला येणार आहेत. त्यांना किडनीचा त्रास आहे, पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं आहे. तर वाफवणं चांगलं की उकळणं, एकदा सांगून टाका. आणि गॅस कशाला जास्त लागतो तेही सांगा."

नमस्कार. आधी वहिनींना लवकर हिंडू-फिरू लागण्यासाठी शुभेच्छा. आणि तुमचं कौतुकही. चौसष्टाव्या वर्षी भाजी हाती घेऊन ती शेवाळी का झाली असा प्रश्न पडणारे गृहस्थ मी फार पाहिलेले नाहीत. बहुतेकांना ताटातली भाजी शेवाळी आहे हेच कळत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गंमत अशी की आपल्या भाषेने हा वाद कधी घातलाच नाही. आपण बटाटे उकडतो तेव्हा ते पाण्यात बुडवून शिजवतो आणि उकडीचे मोदक करतो तेव्हा ते वाफेवर शिजवतो. शब्द एकच, उकडणे. वैशाखात आपल्यालाही उकडतं ते आणखी निराळं. एवढ्या दोन वेगळ्या क्रियांना आपल्या आज्यांनी एकच शब्द वापरला, कारण त्यांच्या लेखी फरक पाणी भाजीच्या वर आहे की खाली, याचा नव्हता. त्या बघायच्या, शेवटी त्या पाण्याचं काय होतं.

म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा वळवते. वाफ की उकळी हे नंतर ठरवू. भाजी शिजल्यावर पाणी कुठे जातं ते आधी बघा.

क जीवनसत्त्व, फोलेट, बी गटातली बाकीची जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम ही मंडळी पाण्यात विरघळणारी. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळली की ती कापलेल्या कडांमधून बाहेर पाण्यात उतरतात. क जीवनसत्त्व तर उष्णतेनेही मोडतं, म्हणजे त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मार. उलट 'अ' जीवनसत्त्व ज्यापासून तयार होतं ते गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन, तसंच ई आणि के, ही तेलात विरघळणारी. त्यांना पाण्याचं काही वाटत नाही. पालक आणि ब्रोकोलीवरचा एक अभ्यास २००२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये आला होता. दोन्ही भाज्या पाण्यात उकळल्यावर त्यांतलं निम्म्याहून अधिक फोलेट गेलं, वाफवल्यावर मात्र लक्षात घेण्याजोगी घट झाली नाही. त्याच अभ्यासातली मला जास्त आवडलेली गोष्ट बटाट्याची आहे. सालासकट अख्खे बटाटे तासभर उकळले तरी त्यांतल्या फोलेटला फारसा धक्का लागला नाही. साल शाबूत, कापलेली कड नाही, तर बाहेर पडायला वाटही नाही.

म्हणजे तुम्ही भाजी बारीक चिरत असाल तर तुमच्या पद्धतीत उकळण्याइतकीच चूक त्या चिरण्यात आहे, आणि सर्वांत मोठी चूक पाणी ओतण्यात. हेच पाणी तुम्ही पोटात जाऊ दिलं असतं तर शेजाऱ्यांना बोलायला फारशी जागा उरली नसती. आपलं बरंचसं जेवण त्याच तत्त्वावर उभं आहे. आमटी, रस्सा, पातळ भाजी, कढण. पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढतात तेही फेकत नाहीत, त्याची कटाची आमटी होते. तुमच्याकडे बहुधा येळवणीची म्हणत असतील. सणाच्या दिवशी पुरणपोळीपेक्षा त्या आमटीवर ताव मारणारी माणसं मी पाहिली आहेत, मी त्यांतलीच एक. भाजीचं पाणी टाकून द्यायची सवय आपल्याकडे बरीच अलीकडची असावी, असा माझा आपला अंदाज.

भाद्रपदात बघा ना. चतुर्थीला मोदक वाफेवर होतात. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला अळू, माठ, भोपळा, शिराळं, सुरण, मक्याची कणसं असं सगळं एका पातेल्यात शिजतं आणि तो रसच भाकरीबरोबर ओरपायचा असतो. लागोपाठ दोन दिवस, दोन रीती, आणि दोन्हींत मोरीत काहीच जात नाही.

आता तुमच्या ओट्यावरच्या त्या तीन मजली इमारतीकडे येऊ. वस्तू वाईट नाही. आठ-दहा माणसांचं करायचं असेल, एका मजल्यावर भाजी, दुसऱ्यावर ढोकळा, असं असेल तर कामाची. एक लक्षात ठेवा, वरच्या मजल्यावरचा रस खालच्यावर ठिबकतो, म्हणून बीट नेहमी तळमजल्यावर, नाहीतर फ्लॉवर गुलाबी होतो. पण दोन माणसांच्या रोजच्या भाजीला तो काढा, भरा, धुवा, पुसा, हे तुम्ही आठवडाभर कराल आणि मग त्याच्यावर वर्तमानपत्रं रचायला लागाल.

त्यापेक्षा माळ्यावर चढा. म्हणजे तुम्ही चढू नका, त्या पोळ्यांच्या बाईंच्या मुलाला सांगा. तिथे कुठेतरी जुन्या साडीत गुंडाळलेलं मोदकपात्र असेल. वर्षातून एक दिवस, फार तर अंगारकीला धरून दोन दिवस आपण त्याला बाहेर काढतो आणि उरलेलं वर्ष स्टीमर कुठला घ्यावा याची चर्चा करतो. खाली पाणी, मध्ये भोकाची चाळणी, वर घुमटासारखं झाकण. विजेवरच्या यंत्रात यापेक्षा वेगळं काही नाही, फक्त घंटी जास्त आहे. मोदकपात्र नसेल तर इडलीपात्र. तेही नसेल तर पातेल्यात दोन वाट्या पाणी, त्यात उलटी वाटी, वाटीवर चाळणी, वर झाकण. कुकरची शिट्टी काढून ठेवली तर कुकरसुद्धा वाफेचं भांडंच.

कृती इतकी साधी आहे की लिहायला संकोच वाटतो. खाली दोन वाट्या पाणी उकळू द्या. भरपूर वाफ यायला लागली की मगच भाजी ठेवा, थंड पाण्यावर ठेवून वाट बघू नका. चाळणीत भाजी एका थरात, फार तर दोन. दाबून भरली तर वाफेला वर जायला वाट मिळत नाही आणि खालचं गिचका, वरचं कच्चं राहतं. गॅस मध्यम करा. वेळ घड्याळावर मोजा. फ्लॉवरच्या तुऱ्यांना सहा-सात मिनिटं पुरतात, कोबीला पाच, फरसबीला सहा ते आठ, गाजराच्या चकत्यांनाही तेवढीच. पालकाला दोन-तीन मिनिटं, तो तर नुसत्या वाफेच्या चाहुलीने बसतो. लाल भोपळ्याच्या फोडी आठ-दहा मिनिटं. मक्याचं कणीस दहा-बारा. बटाट्याच्या फोडींना पंधरा मिनिटं लागतात, अख्खा बटाटा वाफेवर करण्यात मात्र शहाणपणा नाही, त्याला कुकरच बरा. सुरीचं टोक अलगद गेलं पण भाजी तुटली नाही, की उतरवा. आणि उतरवल्यावर ताटात पसरा. झाकून ठेवली तर ती आतल्या आत शिजतच राहते. हे शेवटचं वाक्य मला शिकायला दहा वर्षं लागली.

वेळ वाफेला थोडा जास्त लागतो असं वाटतं खरं, पण भाजी बुडवायला लिटरभर पाणी उकळीला आणण्यात जी दहा मिनिटं जातात ती आपण मोजत नाही. वाफेला दोन वाट्याच पाणी लागतं. आता तुमचा गॅसचा हिशेब. पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेच पाणी वाफ करून उडवायला त्याच्या जवळजवळ सातपट लागते. म्हणजे झाकण न ठेवता खळखळा उकळत ठेवलं की सिलिंडर अक्षरशः हवेत जातो. झाकण घट्ट असेल तर हीच सातपट उष्णता वाफ भाजीवर जाऊन सोडते. वाफ भाजीला लागली की तिचं परत पाणी होतं, जाताना उष्णता भाजीला देऊन जाते. म्हणून थोड्याशा पाण्यात इतकं काम होतं.

आणि म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो. ती सगळी उष्णता तुमच्या मनगटावर सोडते. झाकण उचलताना आपल्याकडची कड आधी उचलू नका, पलीकडची उचला, वाफ भिंतीकडे जाऊ दे. चष्मा असेल तर काही सेकंद काही दिसत नाही, त्या वेळात हात घालू नका. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. टूथपेस्ट, शाई, हळद-तूप यांतलं काही लावू नका.

मधली एक वाट आहे आणि मला विचाराल तर रोजच्यासाठी तीच सगळ्यांत चांगली. वहिनींना ती पाठ असेल, त्यांना बसल्या जागेवरून सांगू द्या. कढईत चमचाभर तेलाची फोडणी, त्यावर चिरलेली भाजी, एकदा परतायची, मीठ घालायचं आणि वर खोलगट ताट झाकून त्या ताटात पाणी ओतायचं. आपल्या पाककृतींमध्ये "एक दणदणीत वाफ येऊ द्यावी" असं लिहितात ते हेच. ताटातल्या पाण्याने झाकण थोडं गार राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत भाजीवर पडते, भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते आणि तळाला लागत नाही. लागलं तर ताटातलंच गरम पाणी दोन चमचे आत सोडायचं. दुधी, पडवळ, दोडका, कोबी, तोंडली, गवार, सगळं असं होतं. हे वाफवणंच आहे. याला उपकरण लागत नाही आणि त्याला कोणी आजाऱ्याचं जेवण म्हणत नाही.

स्वतःच्या पाण्यात शिजवण्याचा कळस बघायचा असेल तर थंडीत रायगडात, अलिबागच्या बाजूला जा. तिथे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानवनस्पतीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कुणी अंडी-कोंबडीही घालतं, तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. आत पाण्याचा थेंब घातलेला नसतो. शेंगांची चव तुम्हाला मिरजेत बसून सांगता येणार नाही.

विषय भरकटला. फरसबीकडे येऊ.

भाजीचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा कण असतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आली की तो कण निसटतो आणि रंग शेवाळी होतो. भाजीत स्वतःचं थोडं आम्ल असतंच, शिजताना ते सुटतं. बंद कुकरमध्ये आत साधारण १२० अंशांवर दोन शिट्ट्या म्हणजे फरसबीला शिक्षाच, वर ते आम्ल बाहेर जायला वाव नाही. खरं सांगायचं तर रंगापुरतं बोलायचं झालं तर उघड्या पातेल्यात भरपूर उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढलेली भाजी वाफेहूनही हिरवीगार राहते, कारण पाण्यात आम्ल पातळ होतं आणि वाफेबरोबर उडूनही जातं. लग्नाच्या जेवणात मटार कसे हिरवे दिसतात, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण सोडा. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की रंग टिकतो, पण भाजी लिबलिबीत होते आणि क व बी-वन जीवनसत्त्वांची वाट लागते. घरी घालू नका. तुम्ही सात-आठ मिनिटांत वाफेवरून फरसबी उतरवा, एवढं पुष्कळ झालं. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो शेवटी. आंबट आधी घातलं तर रंगही जातो आणि भाजी शिजायलाही हट्ट करते.

फ्लॉवरचा वास गंधकाच्या संयुगांचा आहे. कोबी, नवलकोल, मुळा, सगळं त्याच घराण्यातलं. थोडा वेळ शिजवलं तर गोडसर लागतं, जास्त शिजवलं की ती संयुगं सुटत जातात आणि मग जिन्यातल्या लोकांना तुमचा आजचा बेत कळतो. दोन शिट्ट्या आणि शिवाय कुकर आपोआप गार होईपर्यंतचा वेळ, म्हणजे तुमचा फ्लॉवर वीस-एक मिनिटं शिजत होता. तुरे मोठे ठेवा, कोमट मिठाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून किडे-अळ्या निघाल्या की धुवा आणि सहा मिनिटं वाफ द्या. वासाची तक्रार गेली नाही तर मला परत लिहा.

भाज्या धुण्याबद्दल एवढंच, आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात घालून ठेवलं तर उकळण्याआधीच निम्मा कारभार उरकतो. आदल्या रात्री चिरून फ्रिजमध्ये ठेवण्याबद्दल मी काही बोलणार नाही, नोकरी करणाऱ्या बायकांना मी ते कधीच सांगितलं नाही. तुम्ही निवृत्त आहात.

आता वहिनींचा आक्षेप. तो मला पूर्ण मान्य आहे. वाफवलेल्या भाजीवर मीठ-मिरपूड भुरभुरून पुढे ठेवणं हा अन्नाचा आणि माणसाचा दोघांचा अपमान आहे. शिवाय पोषणाच्या दृष्टीनेही ते चूक आहे. गाजर, भोपळा, पालक यांतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल-तूप हवंच. डॉक्टरांनी तेल कमी करा म्हटलं आहे, बंद करा नाही. चमचाभर तेलात मोहरी तडतडली, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन लाल मिरच्या टाकल्या आणि ती फोडणी वाफवलेल्या फरसबीवर ओतून वर ओलं खोबरं, कोथिंबीर घातली तर ती भाजी कुठल्या अंगाने आजारी दिसते ते सांगा. लाल भोपळ्याच्या फोडी वाफवून, किंचित चेचून, त्यात दही, फेसलेली मोहरी, मीठ-साखर आणि हिरवी मिरची, हे भरीत माझ्या सासरी श्राद्धपक्षापासून डोहाळजेवणापर्यंत कुठेही चालतं. शुगरसाठी साखर वगळा, भोपळा मुळातच गोड असतो. वाफवलेल्या गाजर-बीटाला दाण्याचं कूट आणि लिंबू. पालेभाजीवर लिंबू पिळलंत तर तिच्यातलं लोहही नीट शोषलं जातं. आणि मोड आलेली मटकी पाच-सात मिनिटं वाफवून तिच्यावर कांदा आणि तुमच्याकडचा कांदा-लसूण मसाला घालून द्या. मोड कच्चे खाण्यापेक्षा वाफवलेले पोटाला सुरक्षित, वहिनींच्या आत्ताच्या तब्येतीला तर नक्कीच.

शुगरचं म्हणाल तर वाफ की उकळी याने फारसं काही ठरत नाही. ताटात भाजी किती आहे, याने ठरतं. भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात बटाटा-रताळं धरलेलं नाही. बटाटा कितीही वाफवला तरी तो भात-पोळीच्या रांगेतला. बटाट्याची भाजी केली त्या दिवशी भाजी केली नाही असं समजायचं.

आता थोरल्या बंधूंचं. इथे मात्र मी आतापर्यंत सांगितलं ते सगळं उलटं करायचं आहे, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

निरोगी माणसासाठी आपण जे पाण्यात जाऊ नये म्हणून धडपडतो, त्यातलं पोटॅशियम त्यांच्यासाठी पाण्यातच गेलेलं बरं. मूत्रपिंडं नीट चालत नसली की जास्तीचं पोटॅशियम रक्तात साठतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. म्हणून त्यांची भाजी सोलून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. अगदी मोरीत. वाफवलेली भाजी त्यांना देऊ नका, वाफेत पोटॅशियम जवळजवळ सगळं आतच राहतं. ताटातल्या पाण्यावरची भाजी नको, सालासकट उकडलेला बटाटा नको, रस्सा नको, कटाची आमटी नको. म्हणजे तुम्ही दोन महिने वहिनींसाठी जी भाजी चुकीच्या रीतीने करत होतात, ती भावासाठी बरोबर आहे. फक्त कुकरऐवजी उघडं मोठं पातेलं घ्या.

यावर दोन पुरवण्या. बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपी आहे म्हणून कुणी प्रेमाने ते आणून दिलं तर बंधूंच्या ताटाजवळ फिरकू देऊ नका. आणि कोणती भाजी किती, हे त्यांच्या शेवटच्या रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं. ते निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून यादी लिहून आणायला सांगा. शहाळं, टोमॅटोचं सार, सुकामेवा अशा पाहुणचाराच्या गोष्टींबद्दलही त्यात विचारून घ्यायला सांगा. पाहुणा आला की आपण नेमकं तेच पुढे करतो.

पाणी फेकण्याची आणखी एक योग्य जागा आहे. ऑक्झलेट म्हणून एक क्षार पालकात भरपूर असतो; घरात कुणाला त्याचे मुतखडे होत असतील तर पालक वाफवू नये, उकळून पाणी टाकावं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या भाज्या उकळल्यावर त्यांतलं विरघळणारं ऑक्झलेट ३० ते ८७ टक्के कमी झालं होतं, वाफवल्यावर ५ ते ५३ टक्के. त्या पाण्याबरोबर फोलेटही जातं, ते जाऊ द्यायचं. खडा ज्याने सोसला आहे तो फोलेटसाठी वाद घालत नाही. ज्यांना असा त्रास नाही त्यांनी पालकाला भ्यायचं काही कारण नाही.

रोजची घडी कशी बसवायची? मी तुमच्या जागी असते तर अशी बसवली असती. वरण-भाताचा कुकर लावता तेव्हा वरच्या भांड्यात पाणी न घालता बटाटा, रताळं, बीट किंवा भोपळ्याची मोठी फोड ठेवा. डाळीला लागतील तेवढ्या शिट्ट्या यांना चालतात. बीटाची साल, शेपटी आणि देठाचा बोटभर भाग ठेवूनच शिजवा, नाहीतर रंग भांड्यात आणि फिकट गोळा हातात. हे फुकटात झालं, वेगळा गॅस नाही. फरसबी, फ्लॉवर, गाजर, मटार असलं काही असेल त्या दिवशी मोदकपात्र. बाकी दिवस कढई आणि ताटातलं पाणी. मोदकपात्राच्या तळाशी जे रंगीत पाणी उरतं त्यात पोळ्यांच्या बाईंना कणीक भिजवायला सांगा. त्या पहिल्या दिवशी तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. बंधू असतील त्या पंधरवड्यात त्यांच्या पोळ्यांची कणीक मात्र साध्याच पाण्यात.

मुलीला काय सांगायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात तो आहे. तिला सांगा, स्टीमर उत्तम आहे, दिवाळीला सगळे जमलात की तुझ्या हातचा ढोकळा त्यात करू. तोवर खोक्यात घाला. माळ्यावर मोदकपात्राची जागा आता रिकामी झालेलीच आहे.

ता. क. भाजी वाफेवर ठेवून तुम्ही बातम्या बघायला जाल आणि खालचं पाणी आटेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण आमच्या घरी दोनदा झालंय. माझी आई मोदकपात्राच्या तळाशी एक जुनं नाणं स्वच्छ घासून टाकायची. पाणी उकळतंय तोवर ते खडखड वाजत राहतं. आवाज थांबला की उठायचं. नाणं टाकाल त्या दिवशी खालच्या पाण्यात कणीक नाही भिजवायची, एवढं मात्र बाईंना आठवणीने सांगा.